वाकळ आधी अंथरावी लागते

वाकळ, म्हणजे जुन्या कापडांची गोधडी, बिघडते ती थर अंथरताना, शिवताना नाही. कुणाच्या शेजारी न बसता, आपल्याच हिमतीवर हे काम शिकणाऱ्या बहुतेकांना हे उशिरा कळतं. टाके डोळ्यांना दिसतात, मोजता येतात, उसवून पुन्हा घालता येतात. थर मात्र एकदा आत गेले की दिसेनासे होतात. त्यामुळे पहिल्या कामांत सगळं लक्ष बारीक टाक्यांवर आणि रंगांच्या मांडणीवर जातं. मग धुतल्यावर कडा वळतात, मधे पोट सुटतं, लाल काठ पांढऱ्या धोतरावर उतरतो किंवा दुसऱ्याच हिवाळ्यात दोऱ्याच्या शेजारून कापड चिरतं. यातलं जवळजवळ सगळं पहिला टाका पडायच्या आधीच ठरून गेलेलं असतं.

कोल्हापूर भागात आपण जिला वाकळ म्हणतो तिला घाटावर इतरत्र गोधडी म्हणतात, आणि निपाणी-बेळगावच्या पुढे गेलं की ती कौदी होते. नावं वेगळी, रचना एकच. आत कापूस नाही, फक्त जुन्या सुती कापडाचे थर आणि ते धरून ठेवणारा धावदोरा. रजईचं काम वेगळं. तिच्यात पिंजलेला कापूस असतो, तो टाक्यांच्या मधे गोळा होतो आणि तिला धुणं अवघड जातं. वाकळ धुण्यासाठीच बनलेली आहे. म्हणून तिच्यातलं प्रत्येक कापड धुण्याच्या कसोटीवर घ्यायचं.

सुरुवात बोचक्यापासून. घरातलं जुन्या कपड्यांचं गाठोडं सोडलं की हल्ली त्यातून सुती फार कमी निघतं. १९०४ साली इचलकरंजीत पहिला यंत्रमाग लागला आणि १९०६ साली राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात कापड गिरणी उभारली. त्यानंतर कितीतरी वर्षं या भागातल्या घरांत सुती लुगडं आणि सुती धोतर हेच रोजचं कापड होतं. ते विरलं की वाकळीत जायचं. आताच्या गाठोड्यात टेरिकॉट, जॉर्जेट, नायलॉन, आणि सुतीसारखं दिसणारं मिश्र कापड असतं. हाताला ते फसवतं, आगीला फसवत नाही. कापडाच्या कडेचे चार धागे ओढून चिमट्यात धरायचे आणि काडी लावायची. सुती धागा पटकन पेटतो, जळक्या कागदाचा वास येतो आणि मागे राखाडी, बोटांत चुरगळणारी राख उरते. पॉलिस्टर आक्रसतं, वितळतं आणि थंड झाल्यावर टणक काळा मणी उरतो. मिश्र कापडात दोन्ही दिसतं, थोडी राख आणि थोडे मणी. असं कापड वाकळीत घालू नये, बाजूला ठेवून पिशव्या शिवाव्यात. एक जरी कृत्रिम थर आत गेला तरी तो घाम शोषत नाही, शेजारच्या थरांना पकडत नाही आणि शिवताना सगळा गठ्ठा त्याच्यावरून घसरत राहतो.

जुनं कापड घ्यायचं ते काटकसर म्हणून, हे अर्धंच खरं. शे-दीडशे धुण्यांतून गेलेल्या लुगड्याची खळ पूर्ण गेलेली असते, ते जेवढं आटायचं तेवढं आटलेलं असतं, जादा रंग उतरून गेलेला असतो आणि विणीत सुईला वाट मिळते. नव्या कापडात यातलं काहीच झालेलं नसतं. कोल्हापूरजवळच्या गांधीनगरच्या बाजारातून इचलकरंजीचं नवं पॉपलीन आणून अस्तराला लावावं असं नवशिक्याला हमखास वाटतं, कारण ते स्वस्त, रुंद आणि छान इस्त्री होणारं असतं. पण पॉपलीनची वीण घट्ट. पाच थरांत ते असलं की सुई प्रत्येक टाक्याला अडते आणि संध्याकाळी बोटाचं टोक दुखतं. नवं घ्यायचंच असेल तर मलमल घ्यावी, किंवा मांजरपाट. मांजरपाटाला खळ भरपूर असते आणि ते मीटरमागे पाच-सहा सेंटिमीटर सहज आटतं. ते रात्रभर पाण्यात भिजवून, दोनदा धुऊन, उन्हात वाळवूनच कात्री लावायची. न आटलेलं अस्तर आणि आटलेला वरचा थर अशी जोडी जमवली तर पहिल्याच धुण्यात अस्तर आखडतं आणि वाकळीच्या कडा वर उचलल्या जाऊन ती परातीसारखी होते. मग ती कितीही दाबली, वर उशा रचल्या तरी सपाट होत नाही.

रंगाची परीक्षाही आधीच. गडद लाल, मरून, काळा आणि गर्द निळा यांच्यावर भरवसा ठेवू नये, विशेषतः कमी नेसलेल्या साड्यांवर. पांढऱ्या वाडग्यात कोमट पाणी, चिमूटभर धुण्याची पावडर आणि कापडाचा हातभर भाग, अर्धा तास. पाणी रंगलं तर कापड वेगळं धुवायचं, आणि पाणी स्वच्छ राहीपर्यंत धुवत राहायचं. मीठ किंवा व्हिनेगर टाकून रंग पक्का होतो ही समजूत घरोघरी आहे, पण रंगवून विकत मिळालेल्या सुती कापडावर त्याचा उपयोग होत नाही. सुटा रंग निघून जाणं हाच उपाय. चार धुण्यांनंतरही पाणी लालच येत असेल तर ते कापड सोडून द्यावं, कितीही आवडतं असलं तरी.

आता हिशेब. नऊवारी लुगडं म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास, इंचांत ३२४. पन्हा, म्हणजे रुंदी, साधारण ४५ इंच. एका माणसाच्या वाकळीसाठी कापलेला थर ६२ बाय ८९ इंचांचा धरावा. लुगड्याचे ६२ इंचांचे पट्टे पाडले तर पाच निघतात. दोन पट्टे शेजारी-शेजारी, एक इंच एकमेकांवर चढवून, म्हणजे एक थर. तर एका लुगड्यातून दोन पूर्ण थर आणि एक पट्टा शिल्लक. साडेपाच मीटरच्या पाचवारीतून तीन पट्टे, म्हणजे दीड थर. दोन पाचवाऱ्या आणि एक नऊवारी असली की पाच थर होतात आणि वर ठिगळांना कापड उरतं. शिवून ही वाकळ साधारण ६० बाय ८६ इंच भरेल. दोऱ्याने कापड थोडं आत ओढलं जातंच, म्हणून सुरुवातीलाच ही सूट ठेवायची.

मात्र लुगडं मधे विरतं, जिथे बसणं-उठणं असतं तिथे. पूर्वी बायका तो भाग कापून, दोन्ही टोकं जोडून दंड घालायच्या आणि तेच लुगडं आणखी वर्षभर नेसायच्या. वाकळीला घेताना कापड खिडकीसमोर उजेडात धरावं. जिथून उजेड जाळीसारखा आरपार येतो तो भाग आतल्या थरांत घालायचा, बाहेरच्या दोन्ही तोंडांना नाही. आणि दोन्ही हातांच्या अंगठ्यांनी हलकं ताणून पाहावं. चर्र आवाज आला तर ते कापड संपलं. त्याला वाकळीत घेणं म्हणजे बाकीच्या थरांवर त्याचा भार टाकणं.

थर किती असावेत? कोल्हापूरची थंडी काही महाबळेश्वरची नाही. अंगावर घ्यायला चार-पाच थर पुष्कळ होतात. खाली अंथरायची असेल तर सात. एक सुती थर या मापात सुमारे तीनशे-सव्वातीनशे ग्रॅम भरतो, म्हणजे पाच थरांची वाकळ दीड किलोच्या पुढे, सात थरांची सव्वादोन किलोच्या आसपास. भिजल्यावर दुपटीहून जास्त. नवशिक्याचा हात सढळ असतो, गाठोड्यातलं सगळं संपवावंसं वाटतं, आणि आठ-नऊ थरांची जड वस्तू तयार होते. ती ना पांघरता येते ना पिळता येते, आणि तिच्यातून सुई बाहेर काढायला पक्कड लागते. पाचावर थांबावं.

पण पहिलंच काम वाकळीचं घेऊ नये. पहिलं काम बसकर, म्हणजे बसायचं छोटं आसन. १८ बाय १८ इंच, चार थर, एकाच रंगाचं वरचं कापड, म्हणजे टाके स्पष्ट दिसतात. त्यावर एक इंच अंतराने सरळ ओळी घालायच्या आणि शिवून झालं की ते धुवायचं. हे धुणं सोडू नये, कारण वाकळ धुतल्यावर काय करते ते एवढ्याशा तुकड्यावर चार दिवसांत कळतं. दुसरं काम दुपटं, ३६ बाय ३६, मऊ धोतराचे किंवा मलमलीचे तीन थर. दुपट्यात हात बारीक होतो. बाळाच्या वस्तूला दोन पथ्यं आहेत, आणि ती काटेकोर पाळावीत. टिकली, मणी, बटण, लोंबती झालर काहीही नको, आणि दोऱ्याचं सुटं टोक किंवा सैल लांब टाका अजिबात नको, कारण बाळाची बोटं अशा दोऱ्यात अडकतात आणि पीळ बसला तर रक्त थांबतं. दुपट्याचा टाका पाव इंचाहून मोठा ठेवू नये. बसकर आणि दुपटं या दोन वस्तू झाल्या की मोठ्या वाकळीला हात घालायला हरकत नाही.

आता मुख्य काम, अंथरणं. जागा वाकळीहून चारी बाजूंनी हातभर मोठी हवी, म्हणजे साधारण दहा बाय बारा फुटांची मोकळी फरशी. पलंगावर किंवा गादीवर थर मांडू नयेत. खाली मऊ असलं की हाताखालचं कापड दबतं आणि थर खरोखर सपाट आहेत की नाहीत ते समजत नाही. फरशी आधी पुसून कोरडी करायची आणि फरशांच्या जोडांची एक सरळ रेघ निवडायची. हीच आपली आडवी कड. दुसरी कड काटकोनी गुण्या लावून, किंवा फरशीच्याच उभ्या रेघेवरून. अशी रेघ धरली नाही तर वाकळ तिरकी होते, एक कोपरा लांब आणि समोरचा आखूड, आणि हे लक्षात येतं ते शेवटी काठ लावताना.

सर्वांत खाली अस्तर, त्याची उलटी बाजू वर. हे अस्तर पसरताना दोघं असली तर बरं. गल्लीत वाकळी शिवून देणाऱ्या एखाद्या मावशी असतील तर त्यांना फक्त या तासाभरासाठी बोलवावं, ‘मावशी, टाके मी घालते, तुम्ही तेवढं अंथरून द्या’ म्हणावं. समोरासमोर बसून कापड दोन्हीकडून उचलायचं, हवेत एकदा झटकायचं आणि आपसूक खाली बसू द्यायचं. मग मधून कडेकडे तळहात फिरवायचा. बोटं नाही, अख्खा तळहात, कारण बोटांनी कापड ओढलं जातं. कापड सपाट करायचं, ताणायचं नाही. दिसायला दोन्ही सारखंच दिसतं. पण ताणलेलं अस्तर शिवेपर्यंत ताणलेलं राहतं आणि कोपऱ्यावरचं वजन काढलं की आखडतं, मग वरचे थर सुरकुततात. ताण आहे का ते पाहायला एक सोपी खूण आहे. कडेला, काठापासून वीतभर आत कापड चिमटीत उचलावं. इंचभर सहज वर आलं आणि सोडल्यावर परत सपाट पडलं तर ठीक. वर यायला नाखूश असेल तर ताण आहे. सोडल्यावर उभी चुणी राहिली तर ढिलाई आहे.

कोपऱ्यांवर वजन ठेवायचं. पाटा-वरवंटा असेल तर वरवंटा, नाहीतर भरलेले डबे. मग आतले थर एकेक. दोन गोष्टी सांभाळायच्या. पहिली, सगळ्या थरांचा उभा धागा एकाच दिशेला यावा. लुगड्याच्या लांबीतला धागा तो उभा, पन्ह्यातला तो आडवा, आणि धुतल्यावर दोघं सारखे आटत नाहीत. एका थराचा उभा धागा दुसऱ्याच्या आडव्यावर आला की दर धुण्याला ते एकमेकांना खेचतात. दुसरी गोष्ट सांध्यांची. प्रत्येक थर दोन पट्ट्यांचा असेल आणि प्रत्येकाचा सांधा मधोमध आला तर वाकळीच्या कमरेतून एक जाड वरवंटा तयार होतो, तिथे सुई जात नाही आणि झोपणाऱ्याच्या पाठीला तो टोचतो. म्हणून एका थरात सांधा मधोमध, तर पुढच्या थरात एक पट्टा लांबीतून चिरून त्याचे दोन भाग मधल्या पूर्ण पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना लावावेत. त्यामुळे सांधे विखुरले जातात. आतल्या थरांचे सांधे शिवायची गरज नाही, कापड इंचभर एकमेकांवर चढवलं की धावदोरा ते धरतो. बाहेरच्या दोन तोंडांचे मात्र शिवून घ्यावेत.

लुगड्याचे काठ आत ठेवू नयेत. काठाची वीण अंगापेक्षा घट्ट, ती कमी आटते, सुईला जड जाते. ते आधीच उसवून किंवा कापून बाजूला ठेवायचे आणि वाकळीच्या चारी कडांना लावायचे. वाकळीची कडच सगळ्यात आधी विरते आणि काठ हा लुगड्याचा सर्वांत टिकाऊ भाग, तेव्हा ही जोडी योग्यच आहे. आतले थर कडेपासून अर्धा इंच आत ठेवायचे. सगळे थर एकाच रेषेत कापले की कोपऱ्यात दुमडताना दहा-बारा पदरांचा गोळा होतो.

सगळे थर बसले की कच्चे टाके. यात आळस करू नये. मोठे, दोन-तीन इंचांचे टाके, मधून बाहेर, आधी एक अधिक चिन्ह, मग चारी बाजूंना वीत-वीत अंतराने ओळी. साध्या पांढऱ्या दोऱ्याने, कारण गडद दोरा काढल्यावर कधी कधी रंगाची रेघ ठेवतो. हे टाके घालताना वाकळीवर बसून पुढे सरकावं लागतं, तेव्हा गुडघे उचलून ठेवावेत, घासत नेऊ नयेत. घासलं की वरचा थर तेवढाच पुढे जातो. टाचण्या लावून भागवावं असं वाटतं, पण टाचणीने थर एकाच ठिकाणी धरले जातात आणि घडी घातली की त्या निसटतात.

आता सर्वांत जास्त गोंधळ होतो तो प्रश्न. शिवण कडेपासून आत न्यायची, की मधून बाहेर? आपल्याकडची जुनी पद्धत कडेपासून आत जाण्याची आहे. चारी कडांना समांतर चौकटी, एकीत एक, लहान होत जाणाऱ्या. विलायती पद्धतीची पुस्तकं आणि व्हिडिओ मधून बाहेर जायला सांगतात. दोन्ही बरोबर आहेत, फक्त दोन्हींचा वरचा थर वेगळा आहे. धावदोरा घालताना सुई आणि हात मिळून वरचं कापड पुढे ढकलत असतात. प्रत्येक ओळीला अगदी केसभर. मधून बाहेर गेलं की हे जादा कापड कडेला निघून जातं आणि शेवटी कापता येतं. कडेपासून आत आलं आणि कड आधीच बंद असली तर त्याला वाट नाही, ते सगळं मधे गोळा होतं आणि पोट सुटतं. मग जुन्या पद्धतीत ते का सुटत नाही? तिथे ठिगळं शिवता शिवताच लावली जातात. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी बायकांची कौदी याचं स्पष्ट उदाहरण. त्या एका कोपऱ्यापासून सुरुवात करतात, एकेक तुकडा कड दुमडून ठेवतात आणि त्याच्यावरून ओळ नेतात, आणि शेवटचा तुकडा मधल्या मोकळ्या जागेच्या मापाने बसवतात. वरचा थर शेवटपर्यंत बंदच झालेला नसतो, त्यामुळे जादा कापड त्या शेवटच्या ठिगळाखाली मुरतं. तेव्हा नियम सोपा आहे. ठिगळं लावत लावत जाणार असाल तर कडेपासून आत या. वरचा थर मशीनवर आधीच पूर्ण जोडला असेल, किंवा एक अखंड साडीच वर असेल, तर मधून बाहेर जा.

ठिगळं आधी जोडून घ्यायची असतील तर सूत विसरू नये. एका इंचात आठ सुतं, आणि शिवणीला दोन सूत म्हणजे पाव इंच द्यायचे. तयार सहा इंचांच्या चौकोनासाठी साडेसहा इंचांचा तुकडा. दहा आडवे, चौदा उभे, असे १४० तुकडे. ६० बाय ८४ इंचांची मांडणी होते आणि उरलेली जागा काठाची पट्टी भरून काढते. शिवण अर्धं सूत जास्त घेतली गेली तर? प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही बाजूंनी मिळून एक सूत कमी होतं, आणि चौदा तुकड्यांत पावणेदोन इंच. एक ओळ अशी आणि शेजारची बरोबर, तर त्या जुळणारच नाहीत. पुठ्ठ्याचा साचा वापरू नये, त्याची कड पेन्सिलीने झिजते आणि शंभराव्या तुकड्यापर्यंत माप बदलतं. पत्र्याचा किंवा जाड प्लॅस्टिकचा घ्यावा. साच्याची कड नेहमी उभ्या धाग्याला धरून ठेवावी. तिरकस कापलेला चौकोन हातात घेताच ताणला जातो.

सुई आणि दोरा. हातसुईचा नंबर वाढतो तशी ती बारीक होते, मशीनच्या सुईचं उलटं. दुपट्याला ७ नंबर, पाच थरांना ४ किंवा ५, लांबी दोन इंचांच्या आसपास. दाभण वापरू नये, त्याने धागे बाजूला सरत नाहीत, तुटतात. दोरा सुती, जाड, एकेरी. साधा शिलाईचा रीळ वापरायचा तर दुहेरी. पॉलिस्टरचा दोरा तुटत नाही म्हणून दुकानदार आग्रह करतात, आणि तीच त्याची अडचण आहे. वाकळीत ओढ बसली तर आधी दोरा तुटावा. दोरा पाच मिनिटांत पुन्हा घालता येतो. विरलेलं कापड चिरलं तर ठिगळ लागतं. दोरा मधमाशीच्या मेणावरून एकदा ओढून घ्यावा, म्हणजे पीळ बसत नाही. लांबी वीस-बावीस इंच, त्याहून जास्त नको. लांब दोरा प्रत्येक टाक्याला कापडातून पूर्ण ओढला जातो, त्याचं सूत सुटतं आणि शेवटच्या वितीपर्यंत तो अर्धा झालेला असतो.

हे किती काम आहे त्याचा अंदाज आधीच घ्यावा. दीड इंचाच्या अंतराने ओळी घातल्या तर या मापाच्या वाकळीत सुमारे ८७ मीटर लांबीची शिवण होते. जाडीतून वर-खाली जाणारा आणि वाया जाणारा धरून दोरा दीडशे मीटर. बावीस इंची दोऱ्यात चौदा इंचांची ओळ होते, म्हणजे सुईत जवळपास अडीचशे वेळा दोरा ओवायचा. नवख्या हाताला रोज दोन तास बसून तीन आठवडे लागतात. हे माहीत असलं की घाई होत नाही. अर्ध्यात वेळ संपत आली म्हणून ओळींचं अंतर तीन इंच केलं, तर तो भाग सैल राहतो आणि धुताना तिथेच थर सरकतात.

टाका कसा पडतो ते सांगतो. वाकळ फरशीवर पसरलेली, आपण तिच्यावरच बसलेलो. उजव्या मधल्या बोटात अंगुस्तान, म्हणजे सुई ढकलायची टोपी. सुई सरळ उभी, कापडाला काटकोनात टोचायची, टोक फरशीला टेकलं की हाताला बारीक टक्क जाणवतं. तीच खूण, सगळे थर ओलांडले. आता सुईचं मागचं टोक अंगुस्तानाने खाली दाबत आडवं करायचं आणि डाव्या अंगठ्याने पुढचं कापड किंचित दाबून धरायचं. अंगठ्याच्या अलीकडे छोटीशी टेकडी उभी राहते, तिच्यातून टोक वर येतं. असे तीन-चार टाके सुईवर भरले की ओढायचं. ओढ एवढीच की टाक्याच्या दोन्ही बाजूंना कापड किंचित खाली बसावं. चुणी पडली तर ओढ जास्त झाली. सुई तिरकी टोचली की वरचा टाका दिसायला छान येतो आणि खालच्या बाजूला अस्तरात एक धागाही पकडलेला नसतो. म्हणून दर दोन-तीन ओळींनंतर कोपरा उचलून अस्तराची बाजू पाहावी. इंचात चार टाके पुरेत. त्याहून बारीक टाके पाच थरांत हट्टाने घातले तर कापडाला भोकं जास्त पडतात, आणि विरलेलं लुगडं तिथूनच फाटतं. सारखेपणा महत्त्वाचा, बारीकपणा नाही.

गाठ वर दिसू देऊ नये. ओळीच्या सुरुवातीपासून इंचभर अलीकडे सुई फक्त वरच्या थरात घालून ओळीच्या जागी काढायची आणि हलका झटका द्यायचा. गाठ टक् करून आत शिरते आणि थरांत अडकते. ओळ संपताना एक उलटा टाका, मग सुई थरांच्या मधून दोन इंच पुढे नेऊन दोरा कापायचा.

कडेला काठाची पट्टी तीन इंच रुंद, मधे दुमडून दोन्ही बाजूंना दीड-दीड इंच. जोड कोपऱ्यात आणू नये, बाजूच्या मध्यावर आणावा. कोपऱ्यात पट्टी आधी वर तिरकी दुमडायची, मग पुढच्या बाजूला वळवायची, आणि ती तिरकी घडी चार बारीक टाक्यांनी बंद करायची.

मशीनवर वाकळ होते, पण तिथे वरचा थर मागे राहतो. खालचे दाते खालचा थर ओढतात आणि वरचा पाय वरच्याला अडवतो. पायाचा दाब कमी करणं, १६ किंवा १८ नंबरची सुई, टीप मोठी आणि चारपेक्षा जास्त थर नाहीत, एवढं पाळलं तर काम निभतं. मशीनची वाकळ हातच्याहून कडक होते. मला ती अंथरायला चालते, पांघरायला नाही.

पावसाळ्यात हे काम काढू नये. जून ते सप्टेंबर कोल्हापुरात कापड हाताला कोरडं लागलं तरी दमट असतं. अशा दिवसांत बंद केलेल्या थरांत वास धरतो आणि आतल्या बाजूला काळे ठिपके पडतात, ते जात नाहीत. दिवाळीनंतर मेपर्यंत चांगला काळ. धुणं मात्र आपल्याकडे नवरात्राच्या आधी, घटस्थापनेपूर्वी घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण बाहेर काढून. पाऊस उघडीप देतो की नाही ते पाहून एका दिवसाला एकच वाकळ घ्यावी. टबात रिठ्याच्या किंवा सौम्य साबणाच्या पाण्यात अर्धा तास भिजवून, पायाने तुडवून, दोन वेळा खळबळून घ्यायची. पिळायचं नाही. चार-पाच किलोचं ओलं ओझं पीळ घातला की दोऱ्यावर येतं आणि ओळीच्या ओळी तुटतात. घडी करून चढावर ठेवून पाणी निथळू द्यावं. वाळत घालताना एका दोरीवर टाकू नये, मधे घडीवर ताण येतो. फूटभर अंतरावर दोन दोऱ्या बांधून त्यांच्यावर पसरावी, दुपारी उलटी बाजू वर करावी. ठेवताना प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नये, जुन्या चादरीत गुंडाळून मधे कडुलिंबाचा वाळलेला पाला घालावा, आणि दर महिना-दोन महिन्यांनी घडीची जागा बदलावी. घडी एकाच रेषेवर राहिली की तिथले धागे आधी तुटतात.

आधी विरते ती तोंडाकडची कड. तिथे वेगळी, वीतभर रुंद पट्टी मोठ्या टाक्यांनी लावून ठेवावी, म्हणजे तेवढीच उसवून धुता येते, बदलता येते. आणि अख्खी वाकळ जुनी झाली तरी टाकायची नसते. तिला आतला थर करून वर-खाली एकेक नवं तोंड चढवायचं. अशा वेळी आधी जुने तुटके दोरे काढून ती धुऊन घ्यावी. आत आधीच चार-पाच थर असल्यामुळे कच्चे टाके वीतभराऐवजी चार बोटांवर घालावेत, सुई एका नंबराने जाड घ्यावी, टाके एकेक करून ओढावेत आणि नव्या ओळी जुन्या ओळींच्या मधोमध चालवाव्यात. जुन्या ओळीवरच नवी ओळ नेली तर सुई त्याच भोकांतून जाते आणि कापड तिथे रेषेत फाटतं.